बॅकला खेळणाऱ्या पोरांची नावं पण छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांब होणार आहे, आधीच सांगतो. कापायचंच झालं तर मधलं कापा, पण शेवटी जे मागणं आहे तेवढं ठेवा.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर आपल्या बेळगावातल्या एका मॅचची बातमी आली होती, चार ओळींची. एक शून्य असा निकाल, आणि खाली लिहिलेलं की अमुक संघाच्या तमुक खेळाडूच्या स्वयंगोलमुळं, म्हणजे चुकून आपल्याच जाळ्यात गेलेल्या गोलमुळं, समोरचा संघ जिंकला. तो तमुक खेळाडू म्हणजे माझा भाचा. वय सतरा. शहापुरात राहतो, बॅकला, म्हणजे मागं बचावाला खेळतो, त्यातही स्टॉपरला, गोलसमोर मधोमध, दोन सीझन झाले सकाळी साडेपाचला उठून ग्राउंडवर जातोय, पाऊस असू दे थंडी असू दे. या दोन सीझनमधे त्याच्या संघानं बऱ्याच मॅचेस गोल न खाता काढल्या, त्यातल्या काहींच्या बातम्या तुमच्याकडं आल्या पण. त्यात गोल कुणी घातला ते आलं, पास कुणी दिला ते आलं, बक्षीस कुणाच्या हस्ते दिलं, व्यासपीठावर कोण कोण होतं ते सगळं आलं. माझ्या भाच्याचं नाव तुमच्या पेपरात पहिल्यांदा आलं ते स्वयंगोलला.

मी त्या मॅचला होतो म्हणून सांगतो. पहिल्या हाफमधे त्यानं दोन बॉल गोललाईनवरनं काढले, एक डोक्यानं, एक डाव्या पायानं आणि तो डावखुरा नाही. दुसऱ्या हाफमधे उजव्या बाजूनं क्रॉस आला, कीपर पुढं येऊन अर्ध्यातच थांबला, मागं त्यांचा फॉरवर्ड मोकळा उभा होता, पाय घातला नसता तर त्यानं घातलाच असता गोल, पोरानं पाय घातला आणि बॉल पायाला लागून आत गेला. झालं. त्या एका सेकंदाची बातमी झाली आणि बाकी एकोणनव्वद मिनिटं कुठंच नाहीत.

घरी काय झालं ते पण लिहितो. माझी बहीण फुटबॉल बघत नाही, तिला त्यातलं कळत नाही, पोराचं नाव पेपरात आलं एवढंच तिला दिसलं. तिनं कात्रीनं ती बातमी कापून देवाच्या फोटोमागं ठेवली आणि शेजारच्या काकूंना दाखवून आली. मला विचारते, दादा, स्वयंगोल म्हणजे त्यानं स्वतः घातलेला गोल ना? मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार. पोरगा हे सगळं आतल्या खोलीतनं ऐकत होता, रात्री माझ्याकडं येऊन म्हणाला, मामा, मी आता बॅकला खेळणार नाही, कोचला सांगून फॉरवर्डला जातो.

साहेब, त्याला मी जे जे सांगितलं तेच तुम्हाला लिहितोय.

मी स्वतः नव्वदच्या दशकात स्टॉपरला खेळलोय. उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला होतो, पहिली शिफ्ट सुटली की सायकलवरनं सरळ लेले ग्राउंड, अंगाला अजून वाळूचा वास असायचा. तेव्हाच 1992 ला बॅकपासचा नियम बदलला, म्हणजे आपल्या माणसानं मुद्दाम पायानं मागं दिलेला बॉल कीपरला हातात घेता येणार नाही असा. तोवर आमचं सोपं होतं, अडचण आली की मागं द्या, कीपर उचलेल, दम घ्या. नियम आल्यावर आमच्यासारख्यांची तारांबळ उडाली कारण बॅकला घालायचे कोण तर ज्याच्या पायात बॉल थांबत नाही पण अंगानं दांडगा आहे त्याला. आता 2019 पासून तर गोलकिकचा, म्हणजे कीपर आपल्या गोलसमोरनं खेळ परत सुरू करतो तो, बॉल गोलसमोरच्या चौकटीच्या, बॉक्सच्या बाहेर जायची पण गरज राहिली नाही, कीपर बॉक्समधेच स्टॉपरला पास देतो, समोरनं दोन फॉरवर्ड अंगावर धावत येतात आणि त्या पोरानं शांत डोक्यानं पुढचा पास काढायचा. म्हणजे आजच्या बॅकला टॅकल पण पायजे, हेडर पण पायजे, आणि मिडफिल्डरसारखा पाय पण पायजे. इतकं सगळं एका पोराकडनं मागायचं आणि आपल्या डोक्यात अजून तेच, ज्याला काय येत नाही त्याला बॅकला उभा कर.

बॅकचं काम बाहेरनं दिसत नाही ही खरी अडचण आहे. फॉरवर्ड अंगावर आला की नवशिका पोरगा बॉलकडं बघतो आणि फसतो, कारण पाय बॉलवरनं कितीही फिरवता येतात. कंबरेकडं बघायचं असतं, कंबर जिकडं जाणार तिकडंच माणूस जाणार. समोर छाती करून उभं राहायचं नाही, तिरकं राहायचं, त्याला आतली बाजू बंद करून कॉर्नरच्या झेंड्याकडं ढकलत न्यायचं, पाय घालायची घाई करायची नाही. आणि नव्वद मिनिटं बोलायचं. लाईन वर काढ, डावीकडं मागं बघ, दोघांत एक मोकळा आहे, थांब, जा. मॅच संपल्यावर पाय कमी आणि घसा जास्त दुखतो चांगल्या स्टॉपरचा. यातलं काहीच टाळ्या घेत नाही. आणि जो बॅक खरंच चांगला असतो त्याच्याकडं बॉल कमीच येतो, कारण तो आधीच अशा जागी उभा असतो की समोरचा तिकडं पासच देत नाही. आता हे बातमीत कसं लिहायचं, असं तुमचा वार्ताहर म्हणेल. मान्य आहे, अवघड आहे. पण नाव तर लिहिता येतं की.

ट्रायलला पण हीच गत. गेल्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या एका क्लबच्या ट्रायलला भाच्याला घेऊन गेलो होतो, रात्रीच्या एसटीनं. पोरं ढीगभर, प्रत्येकाला वीस मिनिटं. वीस मिनिटांत फॉरवर्डला एक गोल घालायला मिळाला की वहीत टिक पडते. ह्याच्याकडं वीस मिनिटांत बॉल आला तीनदा, तिन्ही वेळा ह्यानं साधा पास दिला, ह्याच्या बाजूनं एक पण हल्ला आला नाही. वहीत काही लिहिलं गेलं नाही. ज्यांनी निवड केली ते वाईट लोक होते असं मी म्हणत नाही, पण बॅक बघायचा तर पूर्ण मॅच बघावी लागते आणि ती पण बॉलकडं न बघता.

आता राहुल भेकेचं सांगतो, कारण तो आपला मराठी गडी, मुंबईचा, जन्म डिसेंबर 1990 चा, आणि बॅकचं करिअर कसं असतं हे बघायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला तरी दुसरं सापडत नाही. एअर इंडियाकडनं खेळला, मग ईस्ट बंगालला गेला, मधे लोनवर, म्हणजे उसना, केरळ ब्लास्टर्स, पुणे सिटी असं फिरला, 2017 ला बेंगळुरू एफसीत आला. राइट बॅक पण खेळतो, स्टॉपर पण. भारताकडनं पहिली मॅच खेळला ती जून 2019 ला, थायलंडच्या किंग्ज कपमधे कुरासाओविरुद्ध. वय किती, तर अठ्ठावीस. आपल्याकडं अठ्ठाविसाव्या वर्षी घरचे म्हणायला लागतात आता बास कर, नोकरीचं बघ, लग्नाचं बघ. फॉरवर्डचा पाय तिशीनंतर हलका राहत नाही पण बॅकचं डोकं तिशीतच पिकतं. इटलीचा माल्दिनी 1985 ला मिलानकडनं पहिली लीग मॅच खेळला तो 2009 पर्यंत, चाळीस पार करून थांबला. भेके पण बघा ना, 2022-23 ला मुंबई सिटीबरोबर आयएसएल या देशातल्या मोठ्या लीगची शील्ड, म्हणजे साखळीत पहिला नंबर, पुढच्या सीझनला मुंबईचा कॅप्टन म्हणून फायनल जिंकून आयएसएलचा कप, मग परत बेंगळूर, आणि नोव्हेंबर 2024 ला मलेशियाविरुद्ध भारताचा गोल त्याचाच, तेव्हा तो चौतिशीला आला होता.

17 मार्च 2019 ची रात्र आपल्या गावाला तर आठवतच असेल. आयएसएलची फायनल, एकीकडं बेंगळुरू एफसी, दुसरीकडं एफसी गोवा. आपलं राज्य इकडचं आणि निम्म्या गावाचे पाहुणे गोव्यात, त्यामुळं आमच्या गल्लीत एका टीव्हीसमोर दोन गट बसलेले. मॅच मुंबईत अंधेरीला. शून्य शून्य, एक्स्ट्रा टाइम, गोव्याचा जाहू रेड कार्ड घेऊन बाहेर, आणि 117 व्या मिनिटाला दिमास देलगादोचा कॉर्नर, भेकेचं हेडर, गोल. त्याच्या स्वतःच्याच शहरात, मुंबईत. बेंगळूर चॅम्पियन.

आता बघा, मी पण इथं काय सांगितलं? गोल सांगितला. कारण छापून तेच आलं होतं आणि माझ्या डोक्यात पण तेच राहिलं. पण त्याच रात्री गोव्याकडं कोरो हा फॉरवर्ड होता, त्या सीझनला सगळ्यात जास्त, 16 गोल घालून गोल्डन बूट घेतलेला, त्याच्या आदल्या सीझनला 18. आयएसएलमधला सगळ्यात धोकादायक माणूस होता तो तेव्हा. त्या कोरोला फायनलला पूर्ण वेळ आणि वर अर्धा तास एक्स्ट्रा टाइम, एक पण गोल घालू दिला नाही. कुणी? भेके, जुआनन आणि त्या सगळ्या मागच्या लाईननं. 117 व्या मिनिटाचं हेडर एका सेकंदाचं काम, त्याच्या आधीची 116 मिनिटं कोरोच्या मागं फिरून घालवली ती त्या माणसाची खरी मॅच. ती कुणाला आठवत नाही. एप्रिल 2022 ला रियाधमधे मुंबई सिटीनं इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 नं हरवलं, एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत भारतीय क्लबचा पहिला विजय, त्यात पण विजयी हेडर भेकेचं होतं म्हणून नाव आलं. ते हेडर दिएगो मॉरिसियोनं किंवा कुणी दुसऱ्यानं मारलं असतं तर भेके त्या बातमीत कुठं असता?

जर्नेलसिंगांचं पण तसंच झालंय. 1962 ची जकार्ता एशियाड, भारताचं सुवर्णपदक, फायनलला दक्षिण कोरियाविरुद्ध 2-1. जर्नेलसिंग त्या काळचे आशियातले पहिल्या रांगेतले स्टॉपर, मोहन बागानचे, पंजाबातल्या होशियारपूरकडचे, लहानपणी फाळणी बघितलेले. स्पर्धेत डोक्याला मार बसला, टाके पडले. कोच रहीमसाहेबांनी त्यांना पुढं सेंटर फॉरवर्डला उभं केलं आणि या माणसानं टाके घातलेल्या डोक्यानं सेमीफायनलला गोल केला आणि फायनलला पण केला. आज कुणालाही विचारा, जर्नेलसिंग म्हटलं की तीच गोष्ट सांगतील, बॅक असून गोल घातले. त्यांनी किती जणांना अडवलं त्याचा हिशोब कुणी ठेवला?

ही काय फक्त आपल्याकडची सवय नाही म्हणा. बॅलन डी'ऑर हे वर्षातल्या सगळ्यात चांगल्या फुटबॉलपटूचं बक्षीस 1956 पासून देतात, त्यात बचावातली माणसं तीन, जर्मनीचे बेकेनबाउर दोनदा, त्यांचाच झामर 1996 ला, आणि इटलीचा कान्नावारो 2006 ला. त्यानंतर एक पण नाही. कान्नावारोची उंची तर पावणेसहा फुटांच्या थोडी वर, स्टॉपरला हे कमीच समजतात, आपल्याकडं तर पोरगं बुटकं दिसलं की ट्रायलला स्टॉपरच्या रांगेत उभंच करत नाहीत.

भाच्याला मी सगळ्यात जास्त सांगितलं ते अन्वर अलीचं. त्याला ते नाव माहीत होतं पण गोष्ट माहीत नव्हती. अन्वर पंजाबातल्या आदमपूरचा, 2017 ला भारतात अंडर-17 वर्ल्डकप झाला त्या टीममधे होता. 2018 ला आपल्या अंडर-20 पोरांनी स्पेनमधे अर्जेंटिनाच्या अंडर-20 ला 2-1 नं हरवलं त्यात विजयी फ्रीकिक ह्या स्टॉपरची. आणि एका वर्षानं, एकोणिसाव्या वर्षी, डॉक्टरांनी सांगितलं हृदयाचा आजार आहे, आणि फेडरेशननं खेळायला मनाई केली. एकोणीस वर्षांचं पोर, साहेब. घर चालायचं त्याच्या पायावर. तो दिल्ली हायकोर्टात गेला, खेळायची परवानगी मिळवली, दिल्ली एफसीकडनं परत उभा राहिला, मग एफसी गोवा, आणि 2022 ला भारताच्या सिनियर टीममधे. जूनमधे हाँगकाँगविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला त्यानं गोल केला. आजाराचं काय करायचं, खेळू द्यायचं की नाही यावर डॉक्टर लोकांत पण वाद आहेत, मी त्यात पडत नाही, तो माझा विषय नाही. मी सांगतोय ते पुढचं.

2023 ला भारतानं घरच्या मैदानांवर लागोपाठ आठ मॅच एक पण गोल खाल्ला नव्हता. इंफाळला म्यानमार, किर्गिझस्तान, भुवनेश्वरला मंगोलिया, वानुआतू, लेबनान दोनदा, मग बेंगळुरात सॅफ या दक्षिण आशियाच्या स्पर्धेत पाकिस्तान आणि नेपाळ. आठ मॅच. संदेश झिंगन आणि अन्वर अली मधे उभे. नववी मॅच कुवेतविरुद्ध, 27 जून, कांतीरवा स्टेडियम. छेत्रीच्या गोलनं आपण 1-0 पुढं, नव्वद मिनिटं संपलेली, एक क्रॉस आला, अन्वरनं काढायला पाय घातला आणि बॉल आपल्याच जाळ्यात. स्वयंगोल. मॅच 1-1. म्हणजे आठ मॅचचं कुलूप तोडलं ते पण आपल्याच स्टॉपरच्या पायानं, शेवटच्या मिनिटाला, सगळ्या स्टेडियमसमोर. आणि दुसऱ्या दिवशी पेपरात काय आलं असेल ते तुम्हाला मी सांगायला नको.

पण पुढं काय झालं? कोचनी त्याला बाहेर बसवलं का? आठ दिवसांत त्याच कुवेतविरुद्ध फायनल होती, 4 जुलैला, आणि अन्वर सुरुवातीपासून मैदानात होता. मॅच 1-1, पेनल्टीवर आपण 5-4 नं जिंकलो, कप आपल्याकडं. भाच्याला मी मोबाईलवर तो स्वयंगोल दाखवला. त्यानं तीनदा मागं घेऊन बघितला आणि म्हणाला, मामा, सेम माझ्यासारखाच आहे. मग बराच वेळ काही बोलला नाही.

स्वयंगोल ही काय चेष्टेची गोष्ट नाही हे मी त्याला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. 1994 च्या वर्ल्डकपमधे कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारच्या पायाला लागून अमेरिकेविरुद्ध असाच एक बॉल आत गेला. तो घरी परतला आणि 2 जुलैला मेदेयीनमधे त्याला गोळ्या घातल्या. सत्तावीस वर्षांचा होता. जो बॉल अडवायला धावतो त्याच्याच पायाला तो लागणार ना, जो धावलाच नाही त्याच्या नावावर कसा लागेल? मैदानात तोंड लपवून फिरणाऱ्या खेळाडूच्या नावावर कधी स्वयंगोल नसतो. हे तरी वार्ताहरांनी लक्षात ठेवून लिहावं, निदान सतरा वर्षांच्या पोरांच्या बाबतीत. नाव न देता नुसतं स्वयंगोल लिहिलं तर बातमीचं काय बिघडतं?

दुखापतींचं पण सांगायला पायजे. झिंगन केरळ ब्लास्टर्सला सहा वर्षं खेळला, तो गेला तेव्हा त्या क्लबनं त्याचा 21 नंबर निवृत्त केला, इतका जीव. पण मधे 2019 ला गुडघा गेला आणि अख्खा सीझन गेला. 2021 ला क्रोएशियाच्या क्लबनं घेतला, तिथं पण दुखापत, एक मॅच न खेळता परत. मग जानेवारी 2024 ला कतारच्या एशियन कपमधे सीरियाविरुद्ध परत गुडघा. प्रत्येक वेळी शून्यापासून. बॅकचं अंग असं झिजतं, रोज थोडं थोडं, कारण त्याला समोरच्याच्या धावण्यावर वळावं लागतं, स्वतःच्या मर्जीनं नाही. आपल्याकडं तर पावसाळ्यात चिखलात आणि उन्हाळ्यात सिमेंटसारख्या कडक मैदानात तीच पोरं खेळतात, फिजिओ नाही, बर्फ पण समोरच्या कोल्ड्रिंकच्या दुकानातनं मागून आणायचा. माझा उजवा गुडघा अजून जिना उतरताना सांगतो.

आणि पैशाचं म्हणाल तर प्रोफेशनल झालं म्हणजे सुटलो असं पण नाही. 2025 ला आयएसएलचा सीझनच अडकला करारांच्या भानगडीत, ऑगस्टमधे बेंगळुरू एफसीनं पहिल्या टीमचे पगार थांबवले, आणि हा देशातला सगळ्यात शिस्तीचा क्लब म्हणून आपण सांगायचो. भाच्याला हे पण मी लपवलं नाही. आयटीआय चालू ठेव म्हटलं, ते सोडायचं नाही. पण खेळ सोडायचा तर खेळ झेपत नाही म्हणून सोड, पेपरात नाव वाईट आलं म्हणून नको.

आपल्या भागातनं बॅक तयार होऊ शकतात, का होऊ नयेत? तिन्ही बाजूंनी फुटबॉल आहे आपल्या. वर कोल्हापूर, तिथं तालमींचे संघ, शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल यांची मॅच असली की पेठा रस्त्यावर येतात. वाटेत गडहिंग्लज, दिवाळीत एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर स्पर्धा बघायला आपल्याकडनं पण माणसं जातात. चोर्ला घाट उतरला की गोवा, तिथनं महेश गवळी आला, समीर नाईक आला, दोघं पण डिफेंडर, दोघं पण गोव्याच्या धेंपो क्लबचे आणि भारताचे, आणि दोघं पण पुढं कोच झाले. हा पण एक मुद्दा आहे बघा, मागनं सगळं मैदान दिसतं म्हणून बॅकमधला माणूस पुढं शिकवायला चांगला होतो. आणि खाली बेंगळूर. राज्याराज्यांच्या संतोष ट्रॉफीला आपली पोरं कर्नाटकाकडनं खेळणार, त्या कर्नाटकानं मार्च 2023 ला रियाधला मेघालयाला 3-2 नं हरवून 54 वर्षांनी ती ट्रॉफी आणली. म्हणजे वाट आहे. सीमाप्रश्न, भाषा यावर मला इथं काही लिहायचं नाही, ते वेगळं दुखणं आहे आणि तुमचा पेपर त्यावर लिहितोच. पण आमच्या संघात मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू सगळी पोरं आहेत आणि भाचा मागनं ओरडतो ते अर्धं मराठीत अर्धं कन्नडात, आणि लाईन बरोबर वर जाते.

आपल्याकडं शाळेतली पोरं सेंट पॉल्सच्या फादर एडी स्पर्धेत खेळतात तेव्हापासनं बघतो मी, कॉर्नर आला की सगळी पोरं पुढं धावतात आणि मागं कुणी राहायला तयार नसतं. जो राहतो त्याला बाकीचे हाक मारून मागं ठेवतात, कारण तो नवा असतो किंवा गरीब असतो किंवा त्याच्याकडं बरे बूट नसतात. हे मी खूप वर्षं बघतोय आणि दरवेळी मला वाईट वाटतं. मुलींच्यात पण आता तेच दिसायला लागलंय. मणिपूरची आशालता देवी, भारताची कॅप्टन होती, शंभर आंतरराष्ट्रीय मॅच खेळणारी पहिली भारतीय महिला, आणि ती डिफेंडर आहे. आपल्या ग्राउंडवर येणाऱ्या किती मुलींना हे नाव माहीत असेल?

तर माझं मागणं. तुमच्याकडं जागा कमी असते हे मला ठाऊक आहे, जाहिराती असतात, क्रिकेट असतं, कुस्ती असते. मी पान मागत नाही. लोकल मॅचची बातमी छापता त्यात एक ओळ वाढवा. जिंकलेल्या संघानं गोल खाल्ला नसेल तर कीपर आणि मागच्या चौघांची नावं. बस, पाच नावं. दोन्ही संघांनी गोल खाल्लेले असतील तर त्या दिवशी सगळ्यात चांगला खेळलेल्या एका बॅकचं नाव, कुठल्याही संघाचा असो. आणि स्वयंगोल कुमार गटात असेल तर पोराचं नाव देऊ नका. स्पर्धा भरवणाऱ्यांना पण विनंती की बेस्ट डिफेंडरचं बक्षीस देता ते शेवटी घाईत, लोकं उठून जायला लागल्यावर देता, ते जरा आधी द्या, आणि ते ठरवायला एक माणूस बसवा जो नव्वद मिनिटं बॉल सोडून मागची लाईन बघेल. असे जुने खेळाडू गावात पुष्कळ आहेत, फुकट येतील, मी येईन.

नावं कुठनं आणायची हा प्रश्न नाही. मॅचच्या आधी दोन्ही संघांची यादी नंबरासकट रेफ्रींकडं दिलेली असते, मॅच संपल्यावर वार्ताहरानं तिचा एक फोटो मोबाईलवर काढला की झालं. येणाऱ्या रविवारी दुपारी साडेतीनला लेले ग्राउंडवर भाच्याच्या संघाची मॅच आहे. कोचशी तो बोलायला गेला होता, फॉरवर्डचं काही बोललाच नाही म्हणे, लेफ्ट स्टॉपरलाच खेळणार आहे. माझी बहीण सोमवारचा पेपर आणायला सांगून बसलीय आधीच.

आपला,
एक जुना स्टॉपर बॅक,
शहापूर, बेळगाव